वाकळीखाली नाव कुणाचं लिहायचं?

गल्लीतली_चित्रकार

नमस्कार मंडळी,

महिला दिनाच्या आठवड्यात आमच्या शहापूर भागातल्या हॉलमध्ये बायकांच्या कामाचं प्रदर्शन भरवतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणीही काम आणून द्यावं. निवड समिती नाही, काम स्वतःच्या हातचं हवं एवढीच अट. हॉल लहान आहे, भिंती पोपटी ऑइलपेंटच्या आहेत (झाकायला मांजरपाट आणलंय) आणि एका पंख्याला रेग्युलेटर नाही. ते निभेल. अडलंय दुसरीकडेच.

टिळकवाडीच्या दोघीतिघींनी जलरंग आणि तैलचित्रं दिली. त्यांच्या सह्या चित्राच्या कोपऱ्यात आहेतच, त्यामुळे विचारायचा प्रश्न आला नाही. मग खानापूरकडच्या एक मावशी वाकळ घेऊन आल्या. इरकलीचे काठ, धोतराचे तुकडे, नातवाची शाळेची खाकी पँट, सगळं त्यात. वाकळीच्या मधोमध त्या पँटीचा खिसा न उसवता तसाच लावलाय आणि टाके त्याला वळसा घालून गेलेत. आजही त्यात हात जातो. मी विचारलं, ह्यात काय ठेवायचं? तर म्हणाल्या, "ठेवायचं काय ओ, बरा दिसला म्हणून ऱ्हाऊ दिला."

मी फॉर्म पुढे केला. नाव? "माझं कशाला ओ बाई, मालकांचं घाला की." सोबत आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, आधार कार्डावर वेगळं आहे, ते चालेल काय. आणि दारात चपला घालता घालता मावशी हळूच म्हणाल्या की माहेरी त्यांना तिसऱ्याच नावाने हाक मारायचे. लग्नात नाव बदललं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, तसंच.

तर वाकळीखालच्या कार्डावर कुठलं नाव घालू? आग्रह धरू, की "खानापूर तालुक्यातील महिला" असं लिहून मोकळी होऊ? माझं मत आग्रह धरावा असं आहे. पण ज्यांना नाव नकोच आहे त्यांच्यावर नाव लादणं हीसुद्धा दादागिरीच. शिवाय वाकळी आणि तैलचित्रं एकाच भिंतीवर लावू का? टिळकवाडीतल्या एकीने आत्ताच नाक मुरडलंय.


आरपीडी_कट्टा

उपक्रमाबद्दल अभिनंदन. पण स्पष्ट बोलतो, राग नसावा. बेळगावला चित्रकलेची परंपरा आहे. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथे रवी परांजपेंसारखे चित्रकार घडले. त्या गावात कलादालन म्हणून बोलावून वाकळा दाखवायच्या? बचत गटाच्या स्टॉलची जागा वेगळी, चित्रप्रदर्शनाची वेगळी. आणि फक्त बायकांचं कशाला? चित्र चांगलं की वाईट ते बघा ना.


बटाटेभात

आला बघा पहिला बाउन्सर. 😄 मी बसलोय.


माहेर_बेळगाव

@आरपीडी_कट्टा, "चित्र चांगलं की वाईट ते बघा" हे ऐकायला सरळ वाटतं. पण शिकायच्या खोलीत कुणाला घेतलं हे आधी बघावं लागतं.

लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये निघाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे झोफनी नावाच्या चित्रकाराने अकादमीच्या सभासदांचं सामूहिक चित्र काढलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत, आणि ह्या दोघी? भिंतीवर टांगलेल्या दोन चौकटींत! बायकांनी त्या खोलीत असणं शोभत नव्हतं ना. संस्थापक असून स्वतःच्या संस्थेच्या चित्रात त्यांची तसबीर झाली. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई, लॉरा नाइट, निवडून आली १९३६ मध्ये. मधल्या काळात चांगली चित्रं काढणारी बाईच जन्मली नाही असं म्हणायचं का? कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९७१ मध्ये "थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत" ह्या प्रश्नालाच हात घातला. तेव्हाच्या मोठ्या चित्रांचा पाया म्हणजे मानवी शरीराचा अभ्यास, आणि नेमकं तेच दार बायकांना बंद होतं, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा.

आपल्याकडे चित्रकार अंबिका धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेणाऱ्या पहिल्या काही मुलींपैकी. वडील रावबहादूर धुरंधर त्याच शाळेत मोठ्या पदावर होते. ज्यांचे वडील तिथे नव्हते त्यांचं काय झालं असेल, विचार करा.


आरपीडी_कट्टा

लंडनचं ठीक आहे हो. मी शहापूरच्या हॉलबद्दल बोलतोय. तिथे कुणी दार बंद केलंय?


माहेर_बेळगाव

आत्ताच तुम्ही म्हणालात ना, स्टॉल वेगळा लावा म्हणून.


बटाटेभात

😂


सह्याद्रीपलीकडून

मी डहाणूकडची, सध्या नोकरीमुळे उद्यमबागला. आमच्याकडची गोष्ट सांगते. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. तो लिहायचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाची पिठी, बांबूची काडी. पिढ्यान्‌पिढ्या हे बायकांनीच केलं आणि खाली कुणी नाव लिहिलं नाही, कारण लग्न झालं की चौकाचं काम संपलं. मग १९७०च्या दशकात कागद आला, विक्री आली, शहरातली गॅलरी आली. जगभर पोचलेलं पहिलं नाव जिव्या सोमा म्हशे यांचं, पुढे २०११ मध्ये पद्मश्री. माणूस खरोखर थोर, त्यांच्या रेषेबद्दल वाद नाही. पण ज्या बायकांकडून ती चित्रभाषा आली त्यांतल्या एकीचं तरी नाव सांगता येतं का कुणाला? मला नाही येत, आणि मी त्या भागातली आहे.

म्हणून माझं मत: नाव लिहाच. बाई नको म्हणाली तरी दोनदा विचारा.


निपाणीकर

धागा योग्य वेळी वर आला. आमच्या घरात कोल्हापुरी चपलांचं काम पिढीजात. तळ कापणं, ठोकणं हे बापय करतात. वेणी मात्र आई आणि काकू घालतात. कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या ओल्या करून, पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवून वेणी घालत बसायचं. पट्टी जास्त सुकली की तुटते, जास्त ओली राहिली की वेणी ढिली पडते. बघून कळत नाही, बोटाला कळतं. गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं ते त्या वेणीकडे बघूनच.

आता नावाचं बघा. कापशी, कुरुंदवाडी ही गावांची नावं चपलेला मिळाली. कोल्हापूर तर जगाला माहीत. २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार अशा आठ जिल्ह्यांना, त्यात आपला बेळगाव आहे. २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा केवढा आरडाओरडा झाला, गावाचं नाव घेतलं नाही म्हणून! बरोबरच होता. पण तेव्हा आई वेणी घालता घालता टीव्ही बघत होती, आणि तिचं नाव आमच्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरही नाही. पाटीवर आहे "अमुक आणि सन्स".

तुमच्या प्रदर्शनात नुसती वेणी चालेल काय? अख्खी चप्पल दिली तर लोक परत माप विचारतील.


गल्लीतली_चित्रकार

@निपाणीकर, चालेल काय म्हणजे, पळेल! अर्धी घातलेली वेणीही पाठवा, पट्ट्या लोंबत असलेली.


धारवाडी_मामी

माझं सासर धारवाड, माहेर अनगोळ. कशिदा पाठवणार असाल तर एक ऐका. आपल्या कशिद्यात गाठ मारत नाहीत आणि नक्षी आधी छापूनही घेत नाहीत, कापडाचे धागे मोजत जायचं. गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. नेगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुलीचा टाका, त्यांची मागची बाजू वेगळी. तेव्हा चंद्रकळेचा पदर काचेच्या फ्रेममध्ये पाठ्याला चिकटवलात तर निम्मं काम मेलं. दोन बाजूंनी बघता येईल असा टांगा. जाणती बाई आधी उलटी बाजूच बघते, सून निवडावी तशी. 😀


कापडवेडी

मामींना दंडवत. मी वस्त्रसंग्रहात काम केलंय, त्यामुळे टांगण्याबद्दल थोडं.

वाकळीला खिळे, चिमटे, सेफ्टी पिन काहीही लावू नका. सगळं वजन दोन बिंदूंवर येतं आणि जुनं कापड तिथेच फाटतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला हातभर रुंद नाही, चार बोटं रुंद सुती पट्टी पूर्ण लांबीभर शिवा, नळीसारखी पोकळ. त्यातून काठी घाला. काठीला आधी जुनी धुतलेली सुती साडी गुंडाळा, कारण कच्च्या लाकडाचा डाग कापडावर येतो. पट्टी शिवताना टाका फक्त मागच्या थरातून घ्या, पुढे दिसता कामा नये, आणि हे काम वाकळ शिवणारीलाच करू द्या. तिच्याइतका अंदाज आपल्याला नाही.

उजेड बेताचा. संग्रहालयात कापडासाठी ५० लक्स (उजेडाचं माप) धरतात. तुम्हाला मोजायला मीटर लागणार नाही, खिडकीचं ऊन थेट पडत नाही आणि हॅलोजन नाही एवढं बघा. हळदीचा रंग लवकर उडतो. चित्रं असोत की वाकळी, मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर येऊ द्या. आपल्याकडे सगळं उंच टांगायची खोड आहे, देवाच्या फोटोसारखं.


खानापूर_लोंढा_पॅसेंजर

आरपीडी काकांच्या प्रश्नाकडे परत येतो. आमच्या तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे हल्याळ-यल्लापुरात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात. मी कामानिमित्त ह्या वाड्यांवर जातो. जुनं कापड, धावदोरा, कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून फुलं लावतात. ती नसली तर कवंदी उघडी दिसते म्हणतात. आता रीत सगळ्यांची एकच, पण दहा कवंद्या वाळत असल्या तर वाडीतली पोरं लांबूनच सांगतात कुठली कुणाची. एकीला लाल सोडवत नाही, एक पट्टे तिरके लावते. ह्याला शैली म्हणायचं नाही तर काय?


आरपीडी_कट्टा

वारलीचा मुद्दा पटला. कवंदीचाही विचार करतोय. पण एक टोचतंच. तैलचित्र काढणारी बाई कोऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहते, काय काढायचं इथपासून जबाबदारी तिची. वाकळीला घराची गरज असते, थंडी असते. दोन्ही थोर असतील, पण एकच नाहीत. एका भिंतीवर लावून तुम्ही दोघींवरही अन्याय करताय असं मला वाटतं. बघायला मात्र येणार.


माहेर_बेळगाव

ह्यावर मी भांडणार नाही. मुद्दा विचार करण्यासारखा आहे.


सीमेवरचा_मावळा

बाकी सगळं ठीक. बोर्डावर मराठी वर असणार की खाली? आधी ते सांगा.


कन्नडिग_गेळेय

आम्ही पण मराठी वाचतो बरं का इथं. बोर्डावर कन्नड असलं पाहिजे, कायदा आहे.


व्यवस्थापक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे जावे. इथे ह्या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.


गल्लीतली_चित्रकार

उडवायच्या आधी उत्तर देते, कारण प्रश्न कामाचा आहे. बाहेरच्या फलकावर नियमाप्रमाणे कन्नड मोठं, मराठीही आहे. आतल्या कार्डांवर आमचा आमचा नियम: बाईला जी लिपी वाचता येते तिच्यात तिचं नाव सगळ्यात मोठं. वडगावच्या विणकर घरातल्या आजींचं कन्नडमध्ये, खडेबाजारच्या जरीकाम करणाऱ्या भाभींचं उर्दूत, आमच्या मावशींचं मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विचारून, नातीला येतं त्या लिपीत.


हिशेबनीस

सगळे नावावर बोलताय, पैशाचं कुणी बोलेना. विक्री आहे का? किंमत कोण ठरवणार?

चित्रकार अमृता शेरगिल यांचं १९३७ चं 'द स्टोरी टेलर' हे चित्र २०२३ च्या लिलावात ६१.८ कोटींना गेलं. त्या १९४१ मध्येच लाहोरात वारल्या, वय २८. म्हणजे पैसा चित्राला मिळाला, त्यांना नाही. आपण निदान हयात बायकांचं तरी नीट करूया. किंमत ठरवताना कापड जुनं म्हणून फुकट धरू नका. किती दिवस बसली ते विचारा आणि तुमच्या भागात शेतावर बाईला जी रोजी मिळते तिच्याखाली जाऊ नका. हा तळ झाला, त्याच्यावर कलेचे.

आणि फोटो छापण्याबद्दल. वस्तू विकली तरी हक्क विकला जात नाही. चित्राचा स्वामित्वहक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कुणी तैलचित्र विकत घेऊन कॅलेंडर छापायला निघाला तर तिची लेखी परवानगी लागते. फॉर्मवर ही एक ओळ टाका.


गल्लीतली_चित्रकार

विक्री आहे. मावशी पाचशे म्हणाल्या. त्यांची रोजी धरून हिशेब मांडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वाकळ चोरून आणलीये. कार्डाखाली प्रत्येकीचा क्यूआर कोड लावणार, हॉलचं कमिशन नाही.


रांगोळीवाली

मी चैत्रांगण काढून देऊ का? चैत्र अजून लांब आहे, पण नवीन मुलींना बघायला मिळेल. पाळण्यातली गौर, गोपद्म, शंख, चक्र, कासव, नाग, सूर्य-चंद्र सगळं. फक्त फरशीवर रांगोळी सरकते, गेरूचा हात द्यावा लागेल. आणि दोरी लावून "हात लावू नका" असलं काही लिहू नका. पुसली तर दुसऱ्या दिवशी परत काढेन.


गल्लीतली_चित्रकार

या की! पंखा बंद ठेवू.


गल्लीतली_चित्रकार

प्रदर्शन झालं. फोटो धाग्याच्या वर चिकटवलेत. वृत्तांत.

फॉर्मवरचं "संपूर्ण नाव" खोडलं आणि विचारलं, "कार्डावर कुठलं नाव वाचायला आवडेल?" एवढ्याने गंमत झाली. ज्या मालकांचं घाला म्हणत होत्या त्यांतल्या बऱ्याच जणी थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि मग बोलल्या. कुणी आधार कार्डावरचं घातलं. एका काकूंनी नाव आणि "अमक्या गल्लीतली" एवढंच, आडनाव नको. वडगावच्या आजींनी स्वतःच्या नावापुढे ज्या बाईकडून शिकल्या तिचंही नाव घालायला लावलं. ही कल्पना आमच्या डोक्यात आली नव्हती, मग सगळ्यांनाच विचारलं. दोघींनी शेवटपर्यंत नको म्हटलं, त्यांचं कार्ड गाव लिहून ठेवलं. खानापूरच्या मावशींनी माहेरचं नाव घातलं. सून कार्डासमोर उभी राहून विचारतेय, हे कोण? मालक मात्र वाकळीशेजारी खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला "आमच्या मंडळींचं काम" म्हणून सांगत होते, नाव मात्र सासरचंच घेत होते. त्या काही बोलल्या नाहीत. पान लावत होत्या.

भिंतीचं: एकाच भिंतीवर लावलं. खरं सांगायचं तर एका ठिकाणी फसलं. एक छान धूसर जलरंग होता, पावसातली मलप्रभा, तो दोन वाकळींमध्ये अगदी गुदमरला. तिसऱ्या दिवशी तो दाराजवळ एकटा हलवला आणि तिथे तो फुलला. आरपीडी काका, ह्या एका चित्रापुरतं तुमचं बरोबर. निपाणीची अर्धी वेणी मात्र तैलचित्राशेजारी अशी शोभली की काही विचारू नका. लोक आधी वेणी बघून मग चित्राकडे वळत होते. कशिद्याचा पदर हॉलच्या मधोमध दोरीवर टांगला. बायका थेट मागे जात होत्या, पुरुष पुढूनच बघत होते. मामी, तुम्ही खरं बोललात.

चैत्रांगण पहिल्याच संध्याकाळी एका पोराने तुडवलं. काकूंनी त्यालाच गेरू कालवायला बसवलं.


आरपीडी_कट्टा

गेलो होतो. मलप्रभा आवडलं, घ्यायचं होतं, आधीच गेलं होतं. वाकळीच्या खिशात हात घालून बघितला हेही कबूल करतो. हॉलमधली ट्यूबलाइट फडफडत होती ती बदला बुवा.


हिशेबनीस

विक्रीचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.


गल्लीतली_चित्रकार

तेच लिहायला आले. विक्री चांगली झाली. पण कार्डावर नाव बाईचं आणि खालचा क्यूआर कोड मुलाच्या, पुतण्याच्या, एक तर जावयाच्या फोनचा! निम्म्याहून जास्त जणींचं असंच. बायकांचं खातं आहे, पण त्या खात्याला जोडलेला नंबर घरातल्या बापयाचा. पैसे आले की नाही हे त्यांना घरी जाऊन विचारावं लागतं. एका आक्कांनी तर गिऱ्हाइकाला हळूच सांगितलं, "रोख असलं तर बघा की." दुसऱ्या दिवसापासून आम्ही टेबलावर रोखीचा डबा आणि वही ठेवली, सही किंवा अंगठा घेऊन त्याच दिवशी हातात दिले. पुढच्या वेळी हे आधी सोडवायला हवं. नावावर एवढा खल केला आणि खालचा चौकोन कुणी बघितलाच नाही.


खानापूर_लोंढा_पॅसेंजर

पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं बघा. पोस्टमन घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर खातं उघडून देतात. मात्र नंबर द्यायच्या वेळी बाईच्या हातातला साधा फोन का असेना, तोच द्या. मेसेज तिलाच यायला हवा.


चिकोडीची_लेक

आम्हाला दिवाळीआधी असंच करायचंय. तुमचा फॉर्म मिळेल का? आणि वाकळीची नळी शिवायला किती कापड लागलं?


गल्लीतली_चित्रकार

फॉर्म व्यनितून पाठवते, नाव आणि शिकवणारीचं नाव दोन्ही रकाने आहेत, फोन नंबरचा रकाना मी आता बदलतेय. मांजरपाट अडीच मीटर घ्या, एका वाकळीला पुरून उरतं. शिवायला मावशींना बोलवा, त्या यायला तयार आहेत. बसभाडं आणि रोजी द्यायची, हे आधीच सांगून ठेवते.